दुपट्ट्याखालचा भाव

अर्जुनी मोरगावात लग्न कोणाचंही असो, तिथं सगळ्यांत आधी खेमराज लांजेवार पोचतो आणि सगळ्यांत शेवटी निघतो. त्याचं बिछायत केंद्र आहे. मांडवाचे बांबू, सतरंज्या, खुर्च्या, कढया, झारे, पंगतीचे ग्लास, सगळं त्याचं. नवरी कोणाची, नवरा कोणाचा, पण दोघं बसतात ती गादी खेमराजची. अर्ध्या तालुक्याला त्यानं मांडवाखाली बसवलं आणि स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. बांबू एकाच्या वाडीत, कढया दुसऱ्याच्या पडवीत, खुर्च्या तिसऱ्याच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. एखादी सतरंजी हवी असली की बिचाऱ्याला गावप्रदक्षिणा घडायची.

मेहनती माणूस, हिशेबाला चोख, तोंडानं गोड. त्याच्यात वाईट काढायचं म्हटलं तर फार काही सापडणार नाही. एक रोग तेवढा होता, आणि त्या रोगाचं नाव गजेंद्र कापगते.

गजेंद्र त्याचा साडभाऊ. खेमराजची बायको जमुना थोरली, गजेंद्रची रीता तिची धाकटी बहीण. रीताचं लग्न होईपर्यंत खेमराज त्या घरचा एकुलता एक जावई होता. सासुरवाडीला गेला की सासू स्वतः आंघोळीचं पाणी काढायची, सासरे चारचौघांत 'आमचे जवाईबापू' म्हणून ओळख करून द्यायचे. मग गजेंद्र आला. तलावाच्या पाळीखालची बारमाही ओलिताची शेती, उंच अंगलट, मोठ्यानं हसणं. तो आला आणि खेमराज 'आमचे जवाईबापू'चा 'आमचे मोठे जवाई' झाला. म्हणायला बढतीच, पण खेमराजला तिचा अर्थ बरोबर कळला. मोठा म्हणजे जुना.

तिथून जे पोटात दुखायला लागलं ते कधी थांबलंच नाही. गजेंद्रनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा खेमराजनं महिनाभर गिऱ्हाइकांना ट्रॅक्टरच्या हप्त्यांचे तोटे समजावून सांगितले. गजेंद्रचा पोरगा शुभम इंजिनीअरिंगला नागपूरला गेला तेव्हा हा म्हणाला, "इंजिनीअर काय, आता पायलीचे पंधरा." एका साली गजेंद्रच्या धानावर तुडतुडा पडला आणि उभं पीक बसलं. खेमराज भेटायला गेला, बांधावर उभा राहून हळहळला, गजेंद्रच्या पाठीवर हात ठेवला आणि परत येताना चौकातून पाव किलो जिलेबी घेऊन आला.

"काऊन? आज कायची जिलेबी?" जमुनानं विचारलं.

"असंच," तो म्हणाला.

जमुना काय ते समजली. तिनं जिलेबीला हात लावला नाही.

बरं, गजेंद्र वाईट असता तर निदान भांडून मोकळं होता आलं असतं. पण तो भला माणूस. भेटला की "भाऊ, कसे आहा?" म्हणून गळ्यात पडणार, खेमराजच्या कढयांचं चारचौघांत कौतुक करणार. वैरी असून पाया पडतो, त्याचं काय करायचं?

तर गेल्या वर्षी खेमराजच्या लेकीचं, दिव्याचं, लग्न ठरलं. मुलगा सडक अर्जुनीचा, चांगला, बँकेत कामाला. पाहुणे गेल्यावर घरचीच माणसं बसली होती आणि लग्न कुठं करायचं हा विषय निघाला. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल देऊन टाकला.

"भाड्याच्या खोलीत काय लगन करता, बापू? गजेंद्रच्या अंगनात करू. जागा बी आहे, पानी बी आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. गजेंद्र तर हात जोडून म्हणाला, "भाऊ, अंगन तुमचंच समजा."

खेमराजच्या अंगाचा तिळपापड झाला. जगाच्या पोरींना मांडव घालणारा माणूस मी, आणि माझ्या पोरीचा मांडव ह्याच्या अंगणात? वऱ्हाडी येणार, विचारणार घर कोणाचं, आणि लोक सांगणार गजेंद्र कापगतेचं. त्या दिवशी त्यानं मनात ठरवून टाकलं. दिव्याचं लग्न लागेल तर स्वतःच्या अंगणात. लग्न माघात होतं, आणि अंगण तर सोडाच, स्वतःची म्हणून उंबरठ्याएवढी जागा त्याच्यापाशी नव्हती.

म्हणून बकाराम घर विकतो आहे असं कानावर आलं तेव्हा खेमराजला देव पावल्यासारखं वाटलं. बकाराम म्हणजे जुना बैलांचा दलाल. सगळं आयुष्य बैलबाजारात गेलेलं, आता थकला होता, दुर्गला लेकीकडे चालला होता. घर समोरून कौलारू, मागं दोन खोल्या स्लॅबच्या, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. आणि मागं अंगण! दोन पंगती एका वेळी बसतील असं. अंगणाच्या कडेला बैलांचा लांबलचक कोठा. खेमराजनं कोठ्याची लांबी पावलांनी मोजली, बांबू कुठं रचायचे, कढया कुठं पालथ्या घालायच्या ते तिथंच ठरवलं. कोठ्यात बकारामची शेवटची जोडी रवंथ करत उभी होती. पांढरे शुभ्र, देखणे बैल. खेमराजला ती अडगळ वाटली.

आता बकारामची विकायची तऱ्हा न्यारी. घराचा भाव तोंडानं सांगायचा नाही. "तोंडातून निंगालेला भाव गावभर होते," तो म्हणायचा, "मंग घेनाऱ्याले नजर लागते अन् इकनाऱ्याकडे पाहुने वाढते." बैलबाजारात चालतं तसंच चालायचं. समोर बसायचं, दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून आपला भाव कळवायचा. एक बोट म्हणजे एक लाख, पूर्ण पंजा म्हणजे पाच. आणि हात एकदाच द्यायचा, परत येऊन वाढवायचं नाही. दिवाळीनंतरची गावजत्रा, म्हणजे मंडई, आटोपली की ज्याचा हात जास्त, त्याला घर. दुसऱ्यानं किती दाबले ते बकाराम मेला तरी सांगणार नव्हता.

हात एकच, म्हणजे आकडाही एकच. खेमराज आणि जमुना सकाळचा चहा घेत तो आकडा ठरवायला बसले. गल्लीतलं आधी विकलेलं घर बारा लाखांत गेलं होतं. ह्याचं अंगण मोठं, विहीर चांगली, म्हणून वर चढवलं. कौलं उतरवून नवी टाकावी लागणार, म्हणून थोडं खाली आणलं. शिल्लक किती, बँक किती देईल, आणि दिव्याच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही हे तर ठरलेलंच. घासून पुसून चौदा आले.

"पंधरा दाबून देऊ काय?" खेमराज म्हणाला.

"जो आकडा दाबून झोप लागल तोच दाबा," जमुना म्हणाली. "चौदात नाही भेटलं तं आपलं नोयतं म्हनायचं."

खेमराजला पटलं. चौदा म्हणजे चौदा. मंडईच्या दिवशी मांडवाच्या कामातून मोकळं झालं की जाऊन हात द्यायचा असं ठरलं.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात आणि रात्री नाटक होतं. नाटकाचा मांडव अर्थातच खेमराजचा. मैदान बकारामच्या घरासमोरचंच. मंडईच्या दुपारी तो शिडीवर चढून पडद्याची दोरी बांधत होता आणि वरून बकारामची ओसरी सरळ दिसत होती. सहज नजर गेली. ओसरीवर बकाराम बसला होता. त्याच्यासमोर मांडी घालून गजेंद्र. आणि दोघांचे उजवे हात एका दुपट्ट्याखाली.

खेमराजच्या हातातली दोरी सुटली. खालून पोरं ओरडली, पण त्याला ऐकू आलं नाही.

बैलबाजाराची सावलीही वर्षानुवर्षं खेमराजच घालत आला होता, आणि ताडपत्र्या ताणता ताणता तो एक विद्या शिकला होता. दुपट्ट्याखाली भाव करणारा माणूस चेहरा दगडासारखा ठेवतो, पण खांदा त्याच्या ताब्यात राहत नाही. पूर्ण पंजा दाबला की खांदा खाली बसतो. एक बोट दाबलं की नुसता हलतो. खेमराज दलालांचे खांदे बघून भाव ओळखायचा आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा. आत्ता त्यानं शिडीवरून डोळे बारीक केले. गजेंद्रचा खांदा तीनदा बसला. मग दोनदा हलला.

सतरा.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. खेमराजला भर दुपारी, जागेपणी दिसलं. सतरा लाखांना गजेंद्र घेणार हे घर! त्याला काय कमी होतं? अंगण होतं, पाणी होतं, सासऱ्याची सुपारीसुद्धा त्याच्याच बाजूनं कातरली जात होती. मग हे कशाला? सरळ होतं. खेमराज घर घेतो आहे ह्याची कुणकुण लागली असणार. आयुष्यात एकदा हा माणूस माझ्या पुढं जाईल, तेही ह्याला बघवत नाही. तोंडानं भाऊ, भाऊ, आणि पाठीमागून हे! खेमराजला एवढा राग आला की त्यात एक समाधानही होतं. इतकी वर्षं आपण ह्याच्यावर जळत होतो ते उगाच नव्हतं, असं त्याला वाटलं.

गजेंद्र ओसरीवरून उठला, हसला, बकारामच्या पाया पडला आणि मंडईच्या गर्दीत गेला. खेमराज शिडीवरून उतरला. जमुनाला विचारायला हवं होतं, पण जमुना रीताबरोबर बांगड्यांच्या दुकानात होती, आणि रीतासमोर काही बोलायची सोय नव्हती. विचारलं असतं तरी ती चौदाच म्हणाली असती. त्यानं नळावर हात धुतले आणि तो सरळ ओसरीवर जाऊन बसला.

बकारामनं दुपट्टा टाकला. खेमराजनं एक पंजा दाबला, दुसरा दाबला. तिसरा दाबला तेव्हाच चौदा मागं पडले होते. तिथं तो जरा थांबला. दिव्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या मागं गजेंद्र उभा होता. मग एक बोट, दुसरं बोट, तिसरं बोट.

बकारामनं हात लगेच सोडला नाही. "खेमराज, तोलून दाबलं न, बाबू?"

"दाबलं म्हंजे दाबलं."

दुसऱ्या दिवशी बकारामचा निरोप आला. घर खेमराजचं. तो पेढे घेऊनच खोलीवर आला.

"चौदात देल्लं?" जमुनाचा विश्वास बसेना.

"अठरा."

जमुना खाली बसली. "कोनाले इचारून?"

"गजेंद्र सतरावर गेला होता."

"तुमाले कोन सांगतलं?"

"पाह्यलं मी. डोऱ्यानं पाह्यलं."

"थांबा, रीताले फोन करून इचारते."

"खबरदार!" खेमराज ओरडला. "रजिस्ट्री होयेपर्यंत त्याईले हवा बी लागली नाही पाहिजे. मंग पाहू त्याचं तोंड."

जमुनानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "चार जास्तीचे दाबले तुमी. त्या चारात पोरीच्या गऱ्यातला हार होता, लगनाच्या पंगती होत्या, सगरं होतं. आता पोरीले अंगन घालून धाडता काय सासरी?"

खेमराजनं पेढ्याचा पुडा फडताळात ठेवला. तो कोणी उघडला नाही.

रजिस्ट्री झाली. बकारामचं सामान टेम्पोत चढत होतं आणि खेमराज नव्या घराच्या ओसरीवर कमरेवर हात ठेवून उभा होता. तेवढ्यात फाटकातून गजेंद्र आत आला. खेमराजनं छाती पुढं काढली. आलास? ये. पाहा. ह्याच घडीसाठी चार लाख मोजले होते. त्यानं गजेंद्रच्या चेहऱ्यावर नजर रोवली, कुठं जळफळाट दिसतो का, कुठं ओठ दाबला जातो का.

गजेंद्रच्या हातात नवी कोरी वेसण आणि गुलालाचा पुडा होता. तो ओसरीवरून पुढं गेला, सरळ कोठ्यात शिरला आणि बैलाच्या गळ्याला मिठी मारून उभा राहिला. मग त्याचं लक्ष गेलं.

"अरे भाऊ! तुमी इथं कसे?"

"तू कसा?"

"जोडी न्यायले आलो न. शंकरपटात पळवायले घेतली. मंडईच्या रोजी सौदा झाला, एक लाख सत्तर. बैलाच्या सौद्यात बोट दहा हजाराचं, सतरा दाबले तवा बकारामबुवा आयकला. एवढे पैसे घातले म्हून रीता तं मले घरात घेत नोयती," गजेंद्र खो खो हसला. "तुमी काय कोठा पाह्यले आले?"

"घर घेतलं मी हे," खेमराज म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

"हे घर? तुमी?" गजेंद्रनं बैल सोडला आणि येऊन खेमराजला उचललंच. "सांगतलं बी नाही मले! वा रे भाऊ! आता दिव्याचं लगन इथंच. थांबा, रीताले सांगू द्या."

"तुले... नोयतं पाहिजे काय हे घर?"

"मले?" गजेंद्र फोन कानाला लावता लावता थांबला. त्याला प्रश्नच कळला नाही. "मले कायले पाहिजे?"

खांदा खेमराजनं बरोबर वाचला होता. त्याची विद्या खोटी ठरली नाही. फक्त माणूस बैल घेत होता आणि ह्यानं घर धरलं.

गजेंद्र बैलांना गुलाल लावून, मिरवत घेऊन गेला. खेमराज टेम्पोपाशी बकारामकडे गेला.

"घरासाठी अजून कोन आलं होतं, बुवा?"

बकारामनं त्याच्याकडं पाहिलं. घर विकून झालं होतं, गाव सुटत होतं, आता लपवण्यात अर्थ नव्हता. "एक मास्तर आला होता. बारावर थांबला."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू कोनाशी झगडून राहिला ते मले का मालूम?" बकाराम म्हणाला. "मी तं इचारलं होतं, तोलून दाबलं काय म्हून."

खेमराज ओसरीवर येऊन बसला. चार लाखांचं दुःख होतंच. पण त्याहून एक खोल दुःख होतं आणि ते त्याला कोणाला सांगताही येत नव्हतं. इतकी वर्षं तो ज्याच्याशी शर्यत लावून धावत होता, तो माणूस शर्यतीत नव्हताच. ट्रॅक्टर घेताना त्याच्या मनात खेमराज नव्हता, शुभमला नागपूरला धाडताना नव्हता, हसताना नव्हता. खेमराजनं त्याच्या नावानं रात्री जागवल्या, आणि त्याच्या मनाला ह्याचा कधी वासही आला नव्हता. 'मले कायले पाहिजे?' ह्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान बरोबरीचा तरी धरला असता. शहाण्या माणसानं तिथं हसून सगळं सोडून दिलं असतं. खेमराज त्या दिवसापासून गजेंद्रवर आणखीनच जळायला लागला. आता त्याच्या साधेपणावरही.

माघात दिव्याचं लग्न लागलं. बकारामच्या, म्हणजे खेमराजच्या अंगणात. मांडव असा पडला की बघणाऱ्यानं बघत राहावं. केशरी आणि पांढरी झालर, जागोजागी झुंबर, खालच्या सतरंज्या कोऱ्या. पंगतीत मात्र वरण, भात, वांग्याची भाजी आणि एक बुंदी. पनीर, गुलाबजाम असं जे काही बोललं गेलं होतं त्याचा विषय कोणी काढला नाही. वरपक्षही समजूतदार निघाला.

दिव्या बोहल्यावर आली तेव्हा तिच्या गळ्यात हार होता. खेमराजनं जमुनाकडं पाहिलं.

"रीताचा आहे," जमुना पुटपुटली. "लगनापुरता देल्ला. मी मांगतला नोयता."

म्हणजे अंगण आपलं, मांडव आपला, पोरगी आपली, आणि तिच्या गळ्यात चमकतंय ते गजेंद्रचं सोनं.  पोरीला आशीर्वाद द्यायच्या वेळी त्याची नजर तिच्या चेहऱ्याऐवजी हारावर होती आणि त्याची त्यालाच लाज वाटली. दिव्यानं वाकून पाया धरले, वर पाहिलं, म्हणाली, "बाबा, आपल्या अंगनात झालं न!" तो हो म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवणं सुरू झाली. सासरे गादीवर लोडाला टेकून बसले होते. म्हाताऱ्यानं मान वर करून मांडव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळला, अंगण न्याहाळलं, विहिरीकडं पाहिलं, आणि शेजारी उभ्या खेमराजचा हात हळूच धरला.

"जवाईबापू," सासरे हळू आवाजात म्हणाले, "आमच्या अख्ख्या खानदानात असं लगन नाही झालं. घर असावं तं असं."

हे शब्द ऐकायला खेमराज किती वर्षं तरसला होता ते त्याला एकट्यालाच ठाऊक. ते आले, आणि त्यानं पहिलं काय केलं, तर गजेंद्र कुठं आहे ते पाहिलं. गजेंद्र पार दुसऱ्या टोकाला होता. बाह्या सरसावून, घामाघूम होऊन खेमराजच्या पाहुण्यांना भात वाढत होता आणि कोणाच्या तरी थट्टेवर हसत होता. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

खेमराज म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला.

"मामाजी," तो म्हणाला, "जरा जोरानं बोला न."